ओसाका की ओकिनावा: दोन टाक्या आणि मधला खांब

जपानच्या सहलीचं बाकी सगळं ठरलं की मला फोन येतो. क्योतोला किती दिवस द्यायचे, फुजी कुठून चांगला दिसतो, हे लोक आपापलं शोधून काढतात. अडतं ते एका ठिकाणी: व्हेल शार्क, म्हणजे जगातला सर्वांत मोठा मासा, बघायला ओसाकाच्या काइयुकान मत्स्यालयात जायचं की ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयात? एकाच सहलीत दोन्ही करायची म्हटली तर वेळ आणि पैसा दोन्ही पुरत नाहीत, आणि इंटरनेटवरचे फोटो बघून काही ठरवावं तर दोन्हीकडचे फोटो सारखेच निळे. मी नोकरीच्या निमित्ताने इथे राहतो. पाहुण्यांबरोबर दोन्हीकडे जाणं झालंय, एकट्यानेही झालंय. मत्स्यालयात एका टाकीसमोर बसून राहण्याची मला हौस आहे, यापलीकडे माझी काही पात्रता नाही.

आधीच सांगतो, दोन्ही उत्तम आहेत आणि कुठेही गेलात तरी पस्तावणार नाही. पण माझा कल एका बाजूला आहे, आणि त्याचं कारण ऐकून काही जण हसतात. तिकिटांचे दर आणि वेळा इथे देत नाही, त्या बदलत असतात. व्हेल शार्क आणि मांटा (हा एक भलामोठा चपटा पाकट) यांची याहून जास्त ओळखही करून देत नाही.

ओसाकापासून सुरुवात करू, कारण बहुतेकांचा मुक्काम तिथे असतोच. काइयुकान १९९० साली बंदरात तेम्पोझान इथे उघडलं. इमारत अमेरिकेतल्या केंब्रिज सेव्हन या वास्तुसंस्थेने केलेली. बोस्टनचं १९६९ सालचं मत्स्यालयही त्यांचंच; तिथेही मध्ये एक उंच टाकी आणि तिच्याभोवती फिरणारी वाट आहे. ओसाकात हीच कल्पना फार मोठ्या प्रमाणावर केली आहे. आत शिरलात की लांबलचक सरकत्या जिन्याने तुम्हाला थेट आठव्या मजल्यावर नेतात. तिथे जपानचं जंगल, ओढा आणि पाणमांजरं. तिथून उताराची वाट गोल गोल खाली येते. वाटेच्या बाहेरच्या बाजूला प्रशांत महासागराच्या काठावरचे प्रदेश एकामागून एक लागतात: अल्युशियन बेटं, कॅलिफोर्नियातला मॉन्टेरेचा उपसागर, पनामा, अंटार्क्टिका, टास्मान समुद्र, ग्रेट बॅरिअर रीफ. आणि आतल्या बाजूला, प्रत्येक वळणावर, तीच एक महाकाय टाकी. नऊ मीटर खोल, लांबीला ३४ मीटर, पाणी ५,४०० टन.

ही रचना खरोखर हुशारीची आहे. वरच्या मजल्यावर तुम्ही पाण्याच्या पृष्ठभागालगत असता, व्हेल शार्कची ठिपक्यांची पाठ दिसते, प्रकाश वरून तुकड्यातुकड्यांनी पडतो. पेंग्विन, डॉल्फिन बघून अर्ध्या तासाने पुन्हा आत वळलात की तोच मासा आता तुमच्या डोळ्यांसमोर असतो. आणखी खाली गेलात की तो डोक्यावरून जातो आणि पोट दिसतं. पाकटांचं तर पोट बघण्यातच खरी मजा आहे, तोंड आणि नाकपुड्या मिळून हसरा चेहरा दिसतो त्यांचा. एकाच प्राण्याची ओळख अशी थराथराने व्हावी ही योजना ज्याला सुचली त्याला मानलं पाहिजे. पुढे जपानच्या खोल समुद्रातले कोळी-खेकडे आहेत, पाय पसरले तर तीन मीटरच्या वर भरतात. त्यानंतर जेलीफिशचं अंधारं दालन. संध्याकाळी टाक्यांमधला उजेड उतरवतात, गर्दीही उतरते. विविधतेच्या बाबतीत ओसाका स्पष्टपणे पुढे आहे, यात मला वाद घालायचा नाही. चुराउमीत पेंग्विन नाहीत, आणि मुलांना पेंग्विन हवे असतील तर हा लेख इथेच थांबवून ओसाकाचं तिकीट काढा.

आता खांबाकडे येतो.

काइयुकानची मोठी टाकी वरून पाहिली तर अधिक चिन्हाच्या आकाराची आहे. तिच्याभोवतीची भिंत म्हणजे एक सलग काच नाही. काँक्रीटच्या चौकटी आणि त्यांत बसवलेली पारदर्शक प्लास्टिकची, म्हणजे अ‍ॅक्रिलिकची तावदानं आहेत. तावदान मोठं आहे, समोर चार-पाच माणसं आरामात उभी राहतील. पण त्यानंतर खांब येतो. मग पुन्हा तावदान, पुन्हा खांब. असं पूर्ण टाकीभर.

व्हेल शार्क पोहतो सावकाश. घाई नावाची गोष्ट त्याच्याकडे नाही. दुरून निळ्या पाण्यात आधी एक गडद आकार दिसतो, मग रुंद चपटं डोकं, मग ठिपके उमटायला लागतात. तुम्ही श्वास धरता. तो अगदी काचेजवळून जाणार हे दिसत असतं. डोकं समोर येतं, डोळा दिसतो, तो बारीकसा डोळा, कल्ल्यांच्या फटी दिसतात, आणि डोकं खांबाआड जातं. शेपूट अजून मागच्या खांबाआडून बाहेर आलेलं नसतं. म्हणजे मासा एवढा जवळ आणि एवढा मोठा, की एका तावदानात मावतच नाही. बघायला मिळतं ते मधलं अंग. पुढच्या खिडकीकडे धावावं तर तिथे आधीच लोक असतात. शिवाय वाट उताराची आणि एका दिशेने चालणारी, मासा मात्र पुष्कळदा उलट दिशेने निघालेला असतो. तुम्ही गर्दीच्या विरुद्ध दोन पावलं जाता, "सुमिमासेन, सुमिमासेन" (माफ करा, माफ करा) म्हणता, आणि तोवर शेपटीचं टोक तेवढं दिसतं.

तो टाकीच्या मध्यावर असतो तेव्हा संपूर्ण दिसतो, हे खरं आहे. पण तेव्हा तो लांब असतो, मधल्या पाण्याच्या निळ्या धुक्यात त्याच्या कडा विरघळतात. जवळ हवा तर अर्धा, पूर्ण हवा तर लांब. मंगल कार्यालयात खांबाआडची खुर्ची वाट्याला यावी आणि अंतरपाट दूर होताना सगळे टाळ्या वाजवत असताना आपण मान वाकडी करत बसावं, तसं काहीसं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हे एवढं जाणवलं नाही. पहिल्यांदा कुणालाच जाणवत नसावं, डोळे फक्त माशाकडे असतात. नंतरच्या भेटींमध्ये मात्र खांब डोक्यात बसला. मासा येताना दिसला की मी मनात हिशेब करायला लागलो, हा आता कुठल्या खांबाआड जाणार, कुठल्या तावदानात आधी उगवणार. शेवटी लक्षात आलं की मी माशाऐवजी खांबच बघतोय. एकदा असं झालं की ते परत पुसता येत नाही.

याला दोष म्हणणं अन्यायाचं होईल. पाण्याला वजन असतं: नऊ मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे नऊ टनांचा दाब बाहेरच्या दिशेने येतो. तो कुणीतरी पेलायला हवा, आणि त्या इमारतीत तो काँक्रीटच्या चौकटी पेलतात. तावदानंही काही लेचीपेची नाहीत, सुमारे ३० सेंटिमीटर जाडीची आहेत. शिवाय खिडक्याखिडक्यांतून बघण्याची ही रचना तिथल्या वाटेशी सुसंगत आहे. एका भव्य दृश्यासमोर तुम्हाला उभं करणं हा त्या इमारतीचा उद्देशच नाही, चालता चालता दाखवत न्यायचं आहे. माझ्या भाचीला तर खांबच आवडले. "मामा, आता कुठून येईल सांग" हा खेळ तिने दोन मजले चालवला. एका पाहुण्यांनी, ते पेशाने छायाचित्रकार, मला सांगितलं की चौकट असल्यामुळे त्यांना फोटोची रचना करणं सोपं गेलं. तेव्हा हे सगळं माझ्या स्वभावाचं दुखणं आहे असं समजून पुढे वाचा.

चुराउमी ओकिनावाच्या मुख्य बेटावर, उत्तरेकडे मोतोबु इथे आहे. १९७५ साली तिथे समुद्र या विषयावरचं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्याच जागेवर पुढे उद्यान झालं. आजचं मत्स्यालय २००२ सालचं. ओसाका आणि ओकिनावा यांच्यामध्ये ही बारा वर्षं गेली, आणि माझ्या मते सगळा फरक त्या बारा वर्षांचा आहे.

कारण मधल्या काळात अ‍ॅक्रिलिक जोडण्याची विद्या कुठल्या कुठे गेली. शिकोकू बेटावर कागावा प्रांतात निप्पुरा नावाची कंपनी आहे. जगभरातल्या कितीतरी मत्स्यालयांच्या मोठ्या खिडक्या तिने केलेल्या आहेत. अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या एकावर एक चिकटवून हवी तेवढी जाडी करायची, आणि अशी जाड तावदानं कडेला कड लावून जागेवरच जोडायची. जोड डोळ्यांना जवळपास दिसत नाही. साधी काच एवढ्या जाडीची घेतली असती तर आरपार पाहिलेलं सगळं हिरवट दिसलं असतं. अ‍ॅक्रिलिक बरंच नितळ राहतं. चुराउमीच्या कुरोशिओ नावाच्या मुख्य टाकीची समोरची खिडकी २२.५ मीटर रुंद आणि ८.२ मीटर उंच आहे, जाडी ६० सेंटिमीटर. उघडली तेव्हा ती जगातली सर्वांत मोठी होती; २००८ मध्ये दुबईच्या मॉलमधल्या टाकीने तो मान घेतला. दुबईची मीही पाहिली आहे. पण एका बाजूला फिरती खरेदी आणि दुसऱ्या बाजूला मुशी, अशा ठिकाणी माझं मन लागत नाही, म्हणून तिला या तुलनेत घेतलेलं नाही.

चुराउमीतही तुम्ही वरून खाली उतरता. आधी प्रवाळांची टाकी लागते. तिला छप्पर नाही, ऊन थेट पाण्यात पडतं, आणि पाणी समोरच्या समुद्रातून येतं, त्यामुळे प्रवाळ तिथे जिवंत राहतात, वाढतात. मग लहान-मोठ्या टाक्या. कुरोशिओची टाकी आधी वरच्या बाजूने ओझरती दिसते. मग उतार, मग अंधार, आणि मग ते दालन.

तिथे खांब नाही, एवढं एका वाक्यात सांगून मोकळं होता आलं असतं. पण खांब नसल्याने काय होतं ते सांगायला हवं. व्हेल शार्क डावीकडून येतो. अख्खा येतो. डोक्यापासून शेपटीच्या वरच्या पात्यापर्यंत, सोबत पोटाखाली चिकटून चाललेले लहान मासे, सगळं एका नजरेत. तो तुमच्यासमोरून जातो, उजवीकडे वळतो, आणि वळताना त्याचं शरीर कसं वाकतं ते दिसतं. एवढ्या मोठ्या प्राण्याला वळायला किती जागा लागते हे मला ओसाकात कधी कळलं नव्हतं, कारण वळण नेहमी कुठल्या तरी खांबामागे व्हायचं. त्याच वेळी वरच्या थरातून मांटा पंख हलवत जात असतात, मध्येच कुप्यांचा (ट्यूना माशांचा) थवा सुसाट निघतो. आमच्याबरोबर आलेले मालवणकडचे एक काका त्या कुप्यांकडे बराच वेळ बघत होते. मग हळूच म्हणाले, "केवढो रे! आणि हे नुसते बघूक ठेवलेत?"

मांट्यांबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी: मत्स्यालयात मांट्याचं पिल्लू जन्मण्याची जगातली पहिली घटना २००७ साली याच टाकीत घडली. आणि इथला जिंता नावाचा नर व्हेल शार्क १९९५ साली आणलेला. म्हणजे तो या इमारतीपेक्षा जुना, आधीच्या मत्स्यालयातून इथे आलेला.

टाकी १० मीटर खोल, ३५ मीटर लांब, २७ मीटर रुंद. पाणी ७,५०० घनमीटर. ओसाकापेक्षा एक मीटरच जास्त खोल, पण हा मीटर कामाचा आहे. व्हेल शार्क समुद्रात खाताना कधी कधी उभा राहतो, तोंड वर करून, शेपूट खाली, आणि पाणी गिळत राहतो. पूर्ण वाढलेल्याला असं उभं राहायचं तर खोली लागते, आणि ही टाकी ते डोक्यात ठेवून केली आहे. खाऊ घालण्याची वेळ साधारण दुपारी तीन आणि संध्याकाळी पाच अशी असते, निघण्यापूर्वी एकदा खात्री करून घ्या. आठ मीटरचा मासा पाण्यात उभा राहून गळती लागल्यासारखं पाणी आत ओढतोय, हे दृश्य मी फोटोत पाहिलं होतं तरी तयार नव्हतो. ओसाकातही वरून पळीने खाऊ घालतात आणि तेही छान दिसतं. पण तिथे मी वरचा अर्धा भाग एका मजल्यावर पाहिला आणि खालचा अर्धा बघायला खाली उतरेपर्यंत जेवण आटोपलेलं होतं.

चुराउमीचं सगळंच गोड आहे असं समजू नका. एकच मोठं दृश्य म्हटलं की एकच मोठी गर्दी. सगळे त्या खिडकीपाशी, हात वर, फोन वर. सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात बसने आलेले गट असतात. तेव्हा पुढे जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही. दुसरी अडचण जाडीची. समोरासमोर उभं राहिलं तर काच जाणवतही नाही, मासे फक्त प्रत्यक्षापेक्षा थोडे जवळ भासतात. पण गर्दीने तुम्हाला कडेला ढकललं आणि तिरकं बघावं लागलं की ६० सेंटिमीटरचं अ‍ॅक्रिलिक आपला गुण दाखवतं: मासे आखडतात, कडांना निळ्या-नारिंगी रेघा दिसतात, चष्मा असेल तर डोकं गरगरतं. ओसाकात लहान तावदानांमुळे हा त्रास कमी होतो, कुठल्या ना कुठल्या खिडकीसमोर सरळ उभं राहता येतंच. हा गुण ओसाकाच्या पदरात टाकायलाच हवा.

उपाय सोपा आहे. चुराउमीत काचेपाशी जाऊच नका. दालनाच्या मागच्या बाजूला, उंचावर, बसायला जागा आहे. मधोमध जागा धरायची आणि बसून राहायचं. पुढच्या लोकांची डोकी आणि फोन खाली राहतात, त्यांच्या काळ्या आकृत्यांमुळे उलट माशाचा आकार समजतो. टाकीला लागून एक उपाहारगृहही आहे, काचेजवळचं टेबल मिळालं तर नशीब. मला अजून मिळालेलं नाही. बाजूला एक खोली अशी आहे की छत म्हणून पारदर्शक घुमटच आहे आणि व्हेल शार्क डोक्यावरून जातो. तिथे फार थांबता येत नाही, पण जरूर डोकावा.

आता चुराउमीची खरी किंमत, म्हणजे अंतर. ओसाका अर्ध्या दिवसात होतं. मेट्रोच्या चुओ लाइनने ओसाकाको स्टेशन, तिथून पाच-सात मिनिटं चालत. बाहेर भलामोठा आकाशपाळणा आहे, आणि जवळच तेम्पोझान नावाचा ‘डोंगर’, उंची साडेचार मीटर. कोकणात याला बांधही म्हणणार नाहीत, पण जपानी लोक हौसेने चढून येतात. आई-वडिलांना घेऊन जायचं तर ओसाका जास्त सोयीचं: आतली सगळी वाट सौम्य उताराची, ऊन नाही, पाऊस नाही, कंटाळा आला तर अर्ध्या तासात हॉटेलवर. ओकिनावासाठी ओसाकाहून सुमारे दोन तासांचं विमान. रेल्वे पास तिथे निरुपयोगी. नाहाच्या विमानतळापासून मोतोबु नव्वदेक किलोमीटर, भाड्याची गाडी घेतली तर दोन तास, बसने त्याहून जास्त. उद्यान समुद्राकडे उतरत जातं आणि परतताना तेवढंच चढावं लागतं. उन्हाळ्यात घामाने भिजायला होतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वादळ आलं तर विमान, बस आणि मत्स्यालय तिन्ही एकदम बंद. एवढं सगळं एका टाकीसाठी? हा प्रश्न रास्त आहे. माझ्या मेव्हण्याने तो विचारला होता, आणि मी त्याला ओसाकाला पाठवलं, कारण त्याच्याकडे जपानात एकूण सहा दिवस होते.

पण ‘एका टाकीसाठी’ हेही पूर्ण खरं नाही. चुराउमीतून बाहेर पडलात की समोर तोच समुद्र असतो ज्याचं पाणी आत होतं. पलीकडे इएजिमा बेट, त्यावरचा एकुलता टोकदार सुळका. डॉल्फिनचा खेळ, कासवं, मॅनटी (पाण्यात राहणारा एक मोठा सस्तन प्राणी) हे उद्यानात बाहेर आहेत आणि त्यांना तिकीट नाही. जवळ बिसे गावात फुकुगीच्या झाडांच्या रांगांमधली सावलीची वाट आहे. घरांना वाऱ्यापासून आडोसा म्हणून ती झाडं लावलेली. ओसाकात बाहेर आलात की बंदर, क्रेन, गोदामं. मला बंदरंही आवडतात, पण मत्स्यालयातून निघाल्यावर नाही.

जे प्राणी बघायला आपण हे सगळं करतो त्यांचाही विचार मनात येतोच. व्हेल शार्क आपल्याही किनाऱ्यावर येतो. भारतात २००१ पासून त्याला कायद्याने पूर्ण संरक्षण आहे, आणि गुजरातच्या वेरावळ भागात कथाकार मोरारी बापूंच्या आवाहनानंतर मच्छीमार त्याला ‘व्हाली’ (लाडकी) म्हणायला लागले, जाळ्यात आला तर जाळं कापून सोडायला लागले. अशा प्राण्याला टाकीत बघताना मन थोडं खातं. या बाबतीत ओसाकाची पद्धत मला जास्त पटते. त्यांचे व्हेल शार्क कोची प्रांतातल्या जाळ्यांमध्ये अडकलेले असतात, तिथे त्यांचं संशोधन केंद्र आहे, आणि काहींना खूणयंत्र लावून त्यांनी परत समुद्रात सोडलंय. टाकीत नर असेल तर त्याचं नाव काइ, मादी असेल तर यू. नावं तीच राहतात, प्राणी बदलतात. चुराउमीत जिंता वर्षानुवर्षं तिथेच. त्यातून प्रजननाविषयीचं जे ज्ञान मिळतंय ते मोलाचं आहे, आणि टाकीही मोठी आहे, हे मी स्वतःला सांगतो. कधी पटतं, कधी नाही. हा एक मुद्दा तुमच्यासाठी निर्णायक असेल तर तराजू ओसाकाकडे झुकतो, आणि मी विरोध करणार नाही.

मग मी स्वतः कुठे जातो? चुराउमीला. खांबामुळे. माझ्या पिढीतल्या मुंबईकरांनी मासे पहिल्यांदा पाहिले ते मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ सालचं ते. भिंतीत ओळीने टाक्या, प्रत्येकीला चौकट, खाली पाटी, पुढे चला. मला ते फार आवडायचं आणि आजही त्याबद्दल वाईट बोलवत नाही. पण मासा म्हणजे चौकटीत दिसणारी गोष्ट, हे तिथे डोळ्यांना शिकवलं गेलं. काइयुकानमध्ये सगळं शंभर पटींनी मोठं असलं तरी तीच सवय चालू राहते. चुराउमीच्या दालनात मागे बसल्यावर ती सवय सुटते. पहिली पाच मिनिटं डोळे चौकट शोधत राहतात, मग शोधणं सोडून देतात.

तरीही ओसाकाच ठरलं असेल तर संध्याकाळी पाचनंतरचं तिकीट घ्या. गर्दी कमी म्हणजे दोन खिडक्यांच्या मधल्या जागेत मागे सरकून उभं राहता येतं, आणि तिथून खांबाच्या दोन्ही बाजूंना एकदम नजर ठेवता येते. सगळ्यांत खालच्या मजल्यावर जास्त वेळ द्या, तिथे पाकट अगदी पायाशी येऊन बसतात. वरच्या मजल्यांवर रेंगाळू नका, परत वर जाता येत नाही.

ओकिनावा ठरलं तर एक दिवसाची धावती फेरी करू नका, मोतोबु किंवा जवळच्या नागो शहरात एक रात्र राहा. दुपारी चारनंतर तिकीट स्वस्त मिळतं आणि बसचे गट निघून गेलेले असतात; पाचचं जेवण त्यात बसतं. शाकाहारी असाल तर दशम्या-चटणी बरोबर असू द्या, त्या भागात पर्याय मोजके आहेत. आणि महिना निवडायची मुभा असेल तर जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारीची सुरुवात बघा. बाकी जपान थंडीने गारठलेलं असतं, पण मोतोबुच्या याएदाके टेकडीवर आणि शेजारच्या नाकिजिन किल्ल्यावर चेरी तेव्हाच फुलते, गडद गुलाबी, मार्च-एप्रिलच्या फिक्या साकुरापेक्षा वेगळी. त्याच दिवसांत कुबड असलेले देवमासे पिल्लं द्यायला ओकिनावाच्या समुद्रात येतात आणि मोतोबुहून ते बघायला सकाळच्या बोटी सुटतात. बोट लागत असेल तर निघण्यापूर्वी गोळी घ्या, हिवाळ्यात तो समुद्र बराच खवळलेला असतो.